किल्लीदाराच्या घरचं सोनं

"भाऊ, तुमच्या नोकरीवर लिहा की काहीतरी," असं संपादकांनी फोनवर म्हटलं तेव्हा मला हसूच आलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, असं आईने लहानपणी कान पिळून शिकवलं होतं. मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांचीच पत्रं वाचली आणि वर त्याचा पगार घेतला. सोमवारी पहाटेच्या एसटीने जळगावहून धुळ्याला जायचं, शनिवारी संध्याकाळी पिंप्राळ्यात घरी परत. मधले पाच-सहा दिवस जुन्या कागदांच्या संस्थेत मान खाली घालून बसायचं. आमच्या हिच्या भाषेत सांगायचं तर, "जिवंत माणसांशी धड बोलत नाहीत, मेलेल्यांच्या मात्र सगळ्या खबरी ठेवतात."

माझं काम मोडी वाचण्याचं. मोडी म्हणजे आपली मराठीच, फक्त लिहिण्याची चाल निराळी. कागदावर आधी आडव्या रेघा ओढायच्या आणि मग बोरू न उचलता त्यांना अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, लिहिणाऱ्याला पर्वा नाही. मजकूर लांबला की खाली दुसरा कागद खळीने चिकटवायचा, आणि असं जोडत जोडत माणसाच्या उंचीची गुंडाळी होते. अगदी शेवटी एक बारका शिक्का, त्याला मोर्तब म्हणतात. मोर्तब आलं म्हणजे मजकूर संपला, आता यापुढे कोणी काही घुसडू नये. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी दम द्यायचो, "मोर्तब डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदाचा अर्थ सांगायला तोंड उघडायचं नाही." हा नियम माझा आणि तो मोडणाराही मीच. तेच सांगायला बसलो आहे.

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं बघण्यासारखी असत. कोणाला आपलं घराणं सरदाराचं आहे असा कागद हवा असे, कोणाला शेताच्या बांधाचा. पाचोऱ्याकडचं एक कुटुंब तर रिक्षातून पाटासकट कागद घेऊन आलं. चार पिढ्या पूजेत असलेली, राजाने दिलेली सनद! मी वाचायला लागलो आणि घाम फुटला. वांगी दोन पाट्या, हिरवी मिरची, कांद्याची पात, भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या. कोणाच्या तरी लग्नातल्या भरिताची यादी होती ती. मी चाचरत सांगितलं. घरातला थोरला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ. इतला दिन पूजा ते आते देवच शे तो." कागद पुन्हा पाटावर ठेवून, हळदीकुंकू वाहून मंडळी निघून गेली. मी तेव्हा खूप हसलो होतो.

पण माझा खरा जीव गुंतला होता एका राजात. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात एक लहानसं राज्य होतं. त्याच्या शेवटच्या राजाचे चारशेच्या वर कागद आमच्याकडे तीन रुमालांत होते. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं कापड. या राजाला त्या भागात अजून 'एकहाती राजा' म्हणतात, कारण त्याच्या राज्यात दुसऱ्या कोणाचा हात चालतच नसे. कारकुनाने हुकूम लिहायचा, पण खाली राजाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली तरच तो खरा. याला 'दस्तूर खुद्द' म्हणत. त्या ओळीच्या शेवटच्या अक्षराखाली तो बोरूचा एक फराटा ओढायचा, थेट कागदाच्या कडेपर्यंत, नांगराचं तास ओढावं तसा.

काय सांगू त्या माणसाचं! एका म्हातारीची बकरी शेजाऱ्याने बांधून ठेवली, तर निवाडा राजाने स्वतः लिहिलाय. आजारी घोडीला कडबा किती, विहिरीचा पाट कोणाच्या शेतातून न्यायचा, पुजारी कोण, पहारा कोणाचा, सगळ्याखाली तोच फराटा. आणि त्याच फराट्याने पाच जणांचे हात तोडायचा हुकूमही दिलाय. म्हणून तर डोंगराच्या अलीकडच्या गावांत त्याच्या नावाने नारळ फुटतो आणि पलीकडच्या गावात बाया त्याचं नाव निघालं की थुंकतात. मी मात्र भारावलो होतो, खोटं कशाला बोलू? एवढी सत्ता एका बोरूच्या टोकावर तोलून धरणारा माणूस मी कागदावर रोज पाहत होतो. त्याचा फराटा दिसला की खुर्चीत सरळ होऊन बसायचो. आमच्या साहेबांसाठीही मी कधी तसा बसलो नाही.

आणि हा माणूस एका दिवसात कोसळला. इंग्रजांची फौज घाटात आली. राजा थोड्या माणसांनिशी पुढे जाऊन नाक्यावर लढत होता. किल्ल्यावर तोफा तयार होत्या, पण दारूखान्याला कुलूप आणि किल्ली नथू नावाच्या किल्लीदाराकडे. त्याने किल्ली दिलीच नाही. तोफा मुक्या राहिल्या आणि दुपारपर्यंत राज्य गेलं. नथू फितूर झाला होता, असं तिकडे लहान पोरही सांगतं. शेवटच्या रुमालात नव्या अंमलातल्या एका कारकुनाची दोन ओळींची चिठ्ठी आहे, 'राजे पाणी मागतात. द्यावे की कसे, आज्ञा व्हावी.' बकरीचा निवाडा करणाऱ्या माणसाला प्यायचं पाणी विचारून मिळू लागलं होतं. ही चिठ्ठी पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मी डबा न खाता तसाच परत आणला होता.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना, श्रावणात, सुपडू नाना आले. वय अठ्ठ्याहत्तर, स्वच्छ धोतर, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत बांबूचं एक नळकांडं. माझ्यासमोर कॉलेजची सात-आठ प्राध्यापक मंडळी बसली होती आणि मी माझ्या राजावर रंगात येऊन बोलत होतो.

"भाऊ, हाऊ कागद वाची द्या," नाना दारातूनच म्हणाले. "मन्हा बाप देवमा पूजे, त्याना बाप बी पूजे. काय लिखेल शे, कोनलेच मालूम नही."

"गाव कोणतं, नाना?"

त्यांनी सांगितलं आणि माझे कान टवकारले. राजाच्या किल्ल्याच्या पायथ्याचंच गाव. घर कोणाचं विचारलं तर नानांनी मान खाली घातली.

"किल्लीदारनं. नथूना वंशमाधला शे मी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच रुमालात सापडलं नव्हतं. दसऱ्याला गाव शिवेवर जातं, आपट्याची पानं लुटतं, एकमेकांना सोनं देतं. पण किल्लीदाराच्या हातचं सोनं गावात कोणी घेत नाही. कुठे लिहिलेलं नाही, कोणी सांगत नाही, पण घेत नाहीत. तोफेजवळ मेलेल्या गोलंदाजाच्या घराने पहिल्यांदा नाकारलं आणि मग तीच रीत पडली. एरवी गाव चांगलं आहे, लग्नकार्याला बोलावतं, पंगतीला शेजारी बसतं. फक्त त्या एका संध्याकाळी नाही.

"दर वरीसले पानं तोडी लयस," नाना म्हणाले, "देवपुढे ठेवस. वाळी गयात का नदीमा सोडी देस. मन्हा बापनं बी तेच करं. कागदमा काही चांगलं निंघनं ते मरावना पहिले एक डाव तरी..."

मी नळकांड्यातून कागद काढला. कुंकवाने आणि तेलाने माखलेला, पण अक्षर सुरेख. युद्धानंतर नव्या सरकारपुढे नथूने दिलेली जबानी! प्राध्यापक मंडळी उठून माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी खणखणीत आवाजात वाचायला लागलो: 'दारूखान्याची किल्ली आम्हापासी होती. मोर्चावरून मनुष्य दोन वेळ आला. तिसरे वेळी गोलंदाज स्वतः आला, पायां पडला. आम्ही किल्ली दिली नाही.'

कागद संपला. मागे कोणीतरी "वा!" म्हटलं. खरं सांगतो, मलाही आत कुठेतरी बरं वाटलं. माझा राजा स्वतःच्या चुकीने पडला नव्हता, त्याला पाडणारा हा बघा सापडला, त्याच्याच तोंडच्या कबुलीसकट.

"म्हंजे दिनीच नही किल्ली?" नानांनी विचारलं.

"नाही दिली, नाना. स्वतःच सांगतोय."

"मंग गाव खरं बोलस."

चहा आला होता. त्यांनी घेतला नाही. कागद गुंडाळला, नळकांड्यात घातला, आणि ज्याची पिढ्यानपिढ्या पूजा केली तो कागद पिशवीत टाकून ते जिना उतरून गेले. मी पुन्हा प्राध्यापकांकडे वळलो.

शनिवारी घरी आलो आणि जेवताना हा सगळा प्रकार मोठ्या ऐटीत हिला सांगितला. तिने ऐकून घेतलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी माझ्या ताटात टाकली आणि विचारलं, "मोर्तब होतं का?"

माझा घास हातातच राहिला. तीस वर्षं माझं तेच ते भाषण ऐकून तिला पाठ झालं होतं, आणि मला बघायचं सुचलं नव्हतं. मी डोळे मिटून कागद आठवला. तळाला शिक्का नव्हता. तळाची कड नुसती फिकी होती, खळ सुटल्यावर राहते तशी. अरे देवा! अर्धा कागद वाचून मी एका माणसाच्या सात पिढ्यांचा निकाल लावला होता, तोही चार लोकांपुढे मिरवत.

"आता इथे कपाळ बडवून काय होणार?" ही म्हणाली. "जा ना त्यांच्याकडे."

सोमवारी धुळ्यात संस्थेत न जाता तसाच पुढे साक्रीची गाडी धरली. नाना ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, पाणी दिलं. नळकांडं आता देवघरात नव्हतं, गोठ्याच्या आढ्याला खोचलेलं होतं. मी ते मागून घेतलं, उन्हात नेलं, बोट घातलं. आत तळाशी काहीतरी चिकटलेलं लागलं. मग नानांच्या सुनेकडून कोमट पाणी, कापूस आणि लाटणं मागितलं. आमच्या धंद्यात उतावळेपणा केला की कागदाचा भुगा होतो, म्हणून दोन तास मी त्या ओट्यावर बसून बांबूतून तो चिकटलेला कागद सोडवत होतो. शेवटी वीतभर तुकडा हातात आला. खाली बारकं, गोल, काळं मोर्तब होतं.

मी आधी मोर्तब बघितलं आणि मगच वाचलं: 'कारण की सरकारचा हुकूम होता, दस्तूर खुद्द पाहिल्याशिवाय दारूखाना उघडू नये. सरकारचे चिरंजीव आले तरी उघडू नये. त्या दिवशी एक चिठ्ठी आली, ती लेकराच्या हातची दिसली. दस्तूर ओळखला नाही, सबब मानली नाही. सरकारचे उजवे हातास गोळी लागोन हात गेला, हे आम्हांस मागाहून कळले. हुकूम मोडितो तर दौलत राहती. तेव्हा कळले नाही.'

नाना काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मी सोप्या भाषेत पुन्हा सांगितलं. राजाने स्वतःच बजावलं होतं की माझ्या अक्षराशिवाय कोणालाही किल्ली द्यायची नाही. नेमक्या त्या दिवशी त्याचा लिहिता हात गेला. मग जी चिठ्ठी आली ती पोराने लिहिल्यासारखी, म्हणून नथूने मानली नाही.

"नाना, माझं फार चुकलं," मी म्हणालो.

"तुमनं काय घेई बसनात भाऊ," ते म्हणाले, "बठ्ठं गाव दोनशे वरीस चुकनं." आणि मग ते तोंडाला उपरणं लावून रडले. मीही रडलो. सूनबाई बिचारी दोघांकडे बघत लाटणं हातात घेऊन उभी राहिली.

परतीच्या गाडीत मात्र दुसरंच काहीतरी डोक्यात ठोके देत होतं. लेकराच्या हातची चिठ्ठी. असंच काहीतरी मी कुठे वाचलं होतं?

संस्थेत पोचल्याबरोबर तिसऱ्या रुमालाची यादी काढली. ती यादी मीच केली होती, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. अगदी शेवटच्या नोंदीत माझ्याच अक्षरात होतं: 'फुटकळ तुकडा. मुलाचा कित्ता असावा. निरुपयोगी.'

तो तुकडा काढून टेबलावर ठेवला. वेडीवाकडी, एकमेकांवर पडलेली अक्षरं. एरवी वाचण्याजोगी नाहीत, पण आता काय वाचायचं ते माहीत होतं: 'किल्ली देणे.' एवढंच. भिंग धरलं तेव्हा अंगावर काटा आला. बोरूचं टोक उजव्या हातासाठी तिरकं कापलेलं असतं. तोच बोरू डाव्या हातात धरला की जिथे रेघ जाड यायची तिथे बारीक येते आणि बारीक तिथे जाड. या तुकड्यावर सगळ्या रेघा अशाच उलट्या होत्या. आणि शेवटच्या अक्षराखाली फराटा होता. थरथरत, दोनदा तुटून, तरी कडेपर्यंत ओढलेला.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. दुसरं काही सुचलंच नाही. चारशे कागदांवर ज्याचा हात बघून मी भारावलो होतो तो राजा, उजवा हात लोंबकळत असताना, गोळ्या सुटत असताना, डाव्या हाताने स्वतःचाच नियम पाळायला धडपडत होता. तोंडी निरोप पाठवून भागणार नाही, हे त्यानेच ठरवलं होतं. आपल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवायचा नाही हेही त्यानेच लोकांना शिकवलं होतं, आणि ते इतकं पक्कं शिकवलं होतं की शेवटी त्याच्यावरही कोणी ठेवला नाही. नथूने ती चिठ्ठी बघून लेकराची म्हटली. त्याचं अक्षर आयुष्यभर वाचणाऱ्या मीसुद्धा तेच लिहून ठेवलं. नथूला निदान लढाईच्या गदारोळात वाचावी लागली होती. मी पंख्याखाली बसलो होतो.

दसऱ्याला नानांच्या गावी गेलो. संस्थेची रीतसर परवानगी काढून तुकड्याचा, रुमालांत पुन्हा शोधून काढलेल्या दारूखान्याच्या मूळ हुकमाचा आणि जबानीचा असे तीन मोठे फोटो करून नेले होते. शिवेवरून गाव परत आलं, मारुतीच्या पारापाशी जमलं, तेव्हा सरपंचांना विचारून मी तिन्ही कागद मोठ्याने वाचले. या वेळी खणखणीत आवाज निघाला नाही. माझी चूकही सांगितली. लोक शांतपणे ऐकत होते. पाठीमागून एक जण म्हणाला, "कागद काय, कोनी बी लिखी टाकस," आणि दोघा-तिघांना घेऊन निघून गेला. बाकीचे उभे होते, पण जागचं कोणी हलत नव्हतं. नाना पाराच्या कडेला आपट्याची फांदी घेऊन बसले होते. मला वाटलं, संपलं. कागद वाचून दाखवला म्हणून रीत थोडीच बदलते?

तेवढ्यात वेणूअक्का उठल्या. नव्वदीच्या, कमरेत वाकलेल्या, गोलंदाजाच्या घरातल्या सर्वांत वडील. ज्या घराने पहिल्यांदा नाही म्हटलं होतं तेच घर. काठी टेकत टेकत त्या नानांसमोर गेल्या आणि पदर पुढे धरला.

"दे रे सुपडू."

"अक्का, तुमी?"

"मी नही ते कोन? तुमना म्हातारा हुकूममा ऱ्हायना, आमना तोफपाशी मरना. दोन्हीसनी चाकरीच करी. दे."

नाना उभे राहिले. सोनं देताना काय म्हणायचं ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. नानांचे ओठ हलत होते, पण शब्द येईनात. अठ्ठ्याहत्तर वर्षांत ते वाक्य त्यांना कोणाला म्हणावंच लागलं नव्हतं. शेवटी ते "अक्का, घ्या," एवढंच म्हणाले आणि एखादं पान तोडून देण्याऐवजी अख्खी फांदीच त्यांच्या पदरात घातली.

"अरे, बठ्ठं माले दिनं," अक्का म्हणाल्या, "ते मन्हा मांगे उभा शेतस त्यासले काय देशी?"

नानांनी मान वर करून पाहिलं. अक्कांच्या मागे माणसं येऊन उभी राहिली होती.